'आपत्ती' आणि 'विडरश्प्रुख'

पांढुर्ण्याच्या माणसास 'आपत्ती' हा शब्द दोनदा शिकावा लागतो. घरी, मराठीत, आपत्ती म्हणजे संकट. तहसील कचेरीच्या फलकावर, हिंदीत, आपत्ती म्हणजे हरकत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौसर छिंदवाड्यासह मध्यप्रदेशात राहिले. तेव्हापासून आम्ही घरात रागावतो मराठीत आणि सरकारशी भांडतो हिंदीत. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा तीच आहे. (आमची 'हरकत' तरी कुठे देशी आहे? ती अरबी. 'फिर्याद' फारसी.)

हे आठवण्याचे कारण, आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी. तो जर्मनीत शिकावयास गेला. तेथील एका कार्यालयाने त्याचा अर्ज नामंजूर केल्याचे पत्र आले. मुलगा सरळ वळणाचा; तो दोनदा खिडकीशी जाऊन इंग्रजीत विनवणी करून आला. त्यात वीस-बावीस दिवस गेले. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला परिच्छेद त्याने वाचलाच नव्हता, आणि सारे मर्म तेथेच होते.

त्या परिच्छेदास 'रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग' म्हणतात. निर्णय मान्य नसेल तर कोणाकडे, किती दिवसांत दाद मागावी, हे त्यात सांगितलेले असते. मुदत सामान्यतः निर्णय हाती आल्यापासून एक महिना. हा परिच्छेद नसेल किंवा चुकीचा असेल, तर मुदत एक वर्षाची होते. काही प्रांतांत पुष्कळ बाबतींत ही पायरी काढून टाकली आहे. तेथे थेट न्यायालयात जावे लागते. म्हणून तळचा मजकूर आधी वाचावा. तोंडी तक्रार, दूरध्वनी किंवा साधा ईमेल चालत नाही. सहीचे पत्र हवे, किंवा कार्यालयात जाऊन आपले म्हणणे लिहवून घ्यावे.

पत्रास लागते ते वाक्य एकच : 'हीअरमिट लेगे इश गेगन ईरेन बेशाइड विडरश्प्रुख आइन.' अर्थ, 'आपल्या निर्णयाविरुद्ध मी याद्वारे हरकत नोंदवितो.' 'बेशाइड'नंतर निर्णयाची तारीख घालावी. 'विडर' म्हणजे विरुद्ध, 'श्प्रुख' म्हणजे वचन. आमचा 'प्रतिवाद' शब्दशः हाच. गंमत क्रियापदाची. 'आइनलेगेन' हे एकच क्रियापद, पण वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात : 'लेगे' आरंभी, 'आइन' अगदी शेवटी. कारणे जुळवावयास वेळ लागणार असेल तर पुढे 'बेग्र्यूंडुंग फोल्ग्ट', म्हणजे कारणे मागाहून, एवढे लिहिले की मुदत साधते. कारणे मात्र नंतर खरोखरच पाठवावीत.

आमच्या राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद गाऱ्हाणे मांडण्यास संघात किंवा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा मोकळी ठेवतो. जर्मन कायदा कारभाराची भाषा जर्मन असे एका ओळीत सांगून मोकळा होतो. परभाषेतील कागदाचे भाषांतर मागता येते. घटनेची सवलत कागदावर मोठी खरी, पण मराठीत अर्ज घेऊन कचेरीत गेलेल्यास काय अनुभव येतो, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

मुलाने ते पत्र अठ्ठाविसाव्या दिवशी स्वतः नेऊन दिले आणि प्रतीवर पोच घेतली. निकाल यावयाचा आहे. परवा त्याची आई शाळेत आली होती. मुलगा दूरध्वनीवर ते वाक्य पाठ म्हणून दाखवितो, तेवढे तिच्या कानात बसले आहे. म्हणाली, "गुरुजी, बाकी राहू द्या, पण शेवटी तो 'आइन' म्हणतो, ते राहून तर नाही ना गेलं कागदावर?"

आम्ही मुलाने पाठविलेली प्रत काढून तिला तो शब्द बोटाने दाखविला.