शेंड्यातली अळी आणि आफ्रिकन महोगनी

आफ्रिकन महोगनी या नावाने वखारीत येणारे लाकूड एकाच झाडाचे नसते. खाया प्रजातीतल्या चार-पाच जातींचा माल या नावाखाली विकला जातो. ही प्रजाती निंबाच्या कुळातली. कडुनिंब, बकाण आणि तूण हे तिचे आपल्याकडचे भाऊबंद. खाया आयव्होरेन्सिस पश्चिम आफ्रिकेच्या दमट किनारी जंगलात वाढतो आणि ५०-६० मीटरपर्यंत उंच जातो. खाया सेनेगालेन्सिस मात्र सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातला आहे. तो पाच-सहा महिन्यांचा उन्हाळा सोसतो. त्याचे लाकूडही अधिक जड आणि कठीण असते.

मूळची महोगनी अमेरिकेतली, स्विटेनिया प्रजातीची. वेस्ट इंडीजमधली तिची जंगले इंग्लंडच्या फर्निचरसाठी तुटत गेली. मग १९व्या शतकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी आफ्रिकेकडे मोर्चा वळवला आणि गोल्ड कोस्टचे (आजच्या घानाचे) ओंडके लिव्हरपूलच्या बंदरात उतरू लागले. आफ्रिकन महोगनीचे लाकूड तांबूस, बऱ्यापैकी टिकाऊ आणि बेताच्या वजनाचे असते. त्याच्या रेषा थराथराला उलटसुलट वळतात. त्यामुळे रंधा एका दिशेने छान चालतो आणि पुढच्याच पट्ट्यावर तंतू उपटतो. पण बुंधा योग्य बाजूने चिरला, तर याच वळणांमुळे फळीवर फितीसारखे चकाकणारे पट्टे उठतात. दर्शनी लाकडी पापुद्रे, कपाटे, होड्यांचे आतले काम, गिटारचे दांडे अशा ठिकाणी त्याला मागणी आहे. मालीतले कारागीर सेनेगालेन्सिसचे खोड कोरून जेंबे नावाचा ढोल करतात.

पश्चिम आफ्रिकेत मात्र या झाडाची किंमत केवळ घनफुटांत होत नाही. कडू साल तापावर आणि पोटाच्या तक्रारींवर वापरतात; बाजारात तिचे तुकडे विकायला असतात. बेनिनमधले फुलानी गुराखी कोरड्या महिन्यांत फांद्या छाटून पाला जनावरांना घालतात. साल चहूबाजूंनी काढली की झाड वाळते आणि वरचेवर छाटलेल्या झाडाला बी कमी धरते. वर लाकूडतोड चालूच. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा इथे भरलेल्या साइटीस या वन्यजीव-व्यापार कराराच्या परिषदेत आफ्रिकेतल्या सर्व खाया जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या. हा निर्णय लागू झाल्यापासून तिथल्या ओंडक्यांच्या आणि फळ्यांच्या निर्यातीला परवाना लागतो.

जंगल आटते, तर मग लागवड का होत नाही? घानासारख्या देशात हा प्रश्न अनेक दशके एका पतंगापाशी अडला आहे: हिप्सिपायला रोबस्टा. मादी कोवळ्या फुटीवर अंडी घालते. अळी शेंड्यात शिरते, आतला मऊ भेंड खात खाली उतरते आणि छिद्रातून भुसा व विष्ठा रेशमी धाग्यांत गुंतवून बाहेर ढकलते. काही दिवसांत शेंडा मान टाकतो. झाड मरत नाही, पण खालून तीन-चार धुमारे फुटतात आणि पुढची पिढी त्यांच्यावर बसते. अशी दोन-तीन वर्षे गेली की सरळ सोटाऐवजी झुडूप हाती येते. अळी खोडात दडलेली असल्याने फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. एकाच जातीची, एका वयाची, उघड्यावरची रांग म्हणजे पतंगाला आमंत्रणच.

म्हणूनच हे झाड घरापेक्षा परदेशात चांगले वाढले. ब्राझीलमध्ये १९७०च्या दशकात बेलेमला बी पोचले. तिथली हिप्सिपायला वेगळ्या जातीची; ती स्थानिक महोगनी फस्त करते, पण खायाला बहुतेक सोडून देते. आज तिथे खायाच्या मोठ्या लागवडी आहेत. (वर्षानुवर्षे आयव्होरेन्सिस समजून लावलेली बरीच झाडे ग्रांडिफोलिओला निघाली.) रबराचेही असेच झाले. अॅमेझॉनच्या खोऱ्यातले हे झाड पानावरच्या बुरशीमुळे तिथल्या मळ्यांत टिकले नाही आणि हेन्री फोर्डचा फोर्डलँडिया हा मळा बुडाला. उलट १८७६ मध्ये बाहेर नेलेल्या बियांवर आग्नेय आशियातले मळे उभे राहिले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातही सेनेगालेन्सिस जोमाने वाढला. पण मार्च २०१८च्या मार्कस चक्रीवादळात डार्विनच्या रस्त्यांवरची ही झाडे मोठ्या संख्येने कोसळली. निसर्ग आणि तौक्ते वादळे झेललेल्या कोकणाने ही गोष्ट लक्षात घेतलेली बरी.

भारतात परिस्थिती घानाच्या जवळची आहे. हिप्सिपायला रोबस्टा इथलीच. तुणीवर ती पिढ्यानपिढ्या आहे. महाराष्ट्रात महोगनीच्या रोपांच्या जाहिराती एकरी कोट्यवधींचे आकडे मांडतात, पण रोप कोणत्या जातीचे हेही अनेकदा सांगत नाहीत. हा दोष मोठा आहे, कारण स्विटेनिया आणि खाया यांचे पाणी, वाढ आणि बाजार वेगळे. फळ पाहिले की फरक कळतो: स्विटेनियाचे फळ मोठे, लांबट आणि बीला एका टोकाला लांब पंख, खायाचे फळ लहान, गोल आणि चपट्या बीभोवती अरुंद पापुद्रा. खायाचे बी ताजेच पेरावे. उघड्यावर ठेवले तर काही आठवड्यांत उगवण घटते.

लागवड करायचीच, तर ती मिश्र हवी. सावली देणाऱ्या झाडांमध्ये पांगवून लावलेल्या रोपांवर अळी कमी येते आणि शेंडा प्रकाशाकडे सरळ धावतो. पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या झाडावर असतील तर त्या हुसकावू नयेत. त्या अळ्या टिपतात. पहिली चार-पाच वर्षे शेंडा वरचेवर तपासावा लागतो. मान टाकलेला भाग अळीसकट खालून कापून जाळायचा, धुमाऱ्यांतला सर्वांत सरळ तेवढा ठेवायचा. खालचा पाच-सहा मीटरचा बुंधा बिनफाट्याचा राहिला, तरच वखारीत चांगला भाव मिळतो. फाटे फुटलेले खोड सरपणाच्या भावाने जाते.