पंधरा मिनिटांची भेट

१९३५ सालच्या मे महिन्यातला एक शनिवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन, टायरच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ येरझाऱ्या घालत होता. शेअर बाजारातला माणूस. ज्या कामासाठी इतक्या लांब आला ते फिसकटलं होतं आणि हॉटेलचं बिल भागेल एवढे पैसेही खिशात नव्हते. दारू सोडून पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका टोकाला बार होता, तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि त्याच्याजवळ शहरातल्या चर्चची यादी.

तो टेलिफोनकडे वळला. इथवर गोष्ट ओळखीची वाटते. पण त्या फोनवर त्याने काय मागितलं हे आठवलं की मी दर वेळी थक्क होतो. त्याला डॉक्टर नको होता, समजूत घालणारा नको होता. त्याला हवा होता दारूने बेजार झालेला एखादा माणूस. शहरातला कुणीही, अनोळखी चालेल. ज्याच्याशी बोलता येईल असा.

यामागे पाच महिन्यांचा अनुभव होता. या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याने कितीतरी पिणाऱ्यांना गाठून दारू सोडायला सांगितलं होतं. एकानेही सोडली नव्हती. तो हताश झाला, तेव्हा त्याची बायको लोइस हिने एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आणून दिली: त्यांची सुटली नसेल, पण तुझी तर सुटलेली आहे ना! म्हणजे दुसऱ्याला सावरायला गेलेला माणूस स्वतः सावरत होता. आणि ज्यांनी त्याच्यावर उपचार केले होते त्या डॉक्टर सिल्कवर्थ यांनी सल्ला दिला होता की उपदेश बंद कर, तुझं काय झालं तेवढंच सांग.

फोनवर एकातून दुसरं नाव निघत गेलं आणि शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत धागा पोचला. त्यांच्या ओळखीचे एक शल्यविशारद होते, डॉक्टर बॉब स्मिथ. पण त्या शनिवारी भेट होणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मातृदिन, म्हणून डॉक्टरांनी बायकोसाठी फुलझाडाची कुंडी आणली होती आणि स्वतः मात्र शुद्ध हरपून पडले होते. रविवारी संध्याकाळी पाच वाजता ते आले. येतानाच त्यांनी बायकोला बजावलं होतं, पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही.

ते उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

डॉक्टर बॉब यांना दारूबद्दल वैद्यकशास्त्राला ठाऊक होतं तेवढं सगळं ठाऊक होतं, उपदेशही भरपूर ऐकून झाले होते. त्या संध्याकाळी वेगळं एवढंच घडलं की समोरचा माणूस स्वतःबद्दल बोलत होता. लपवलेल्या बाटल्या, सकाळची थरथर, घेतलेल्या आणि मोडलेल्या शपथा. जणू डॉक्टरांचीच कहाणी दुसऱ्याच्या तोंडून येत होती. चमत्कार मात्र लगेच झाला नाही. जूनमध्ये डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. परतल्यावर त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती. हात स्थिर राहावेत म्हणून त्या सकाळी बिलनेच त्यांना बिअर दिली. तो दिवस १० जून १९३५ होता असं मानतात. डॉक्टरांच्या आयुष्यातली ती शेवटची दारू. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला नुसतं ‘एए’ म्हणतात ती संघटना, आपला जन्मदिवस हाच मानते.

आज सुमारे १८० देशांत तिचे गट आहेत, सदस्य वीस लाखांच्या आसपास. पण गट म्हणजे काय, याचं उत्तर अजून त्या रविवारइतकंच साधं आहे. दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन अल्कोहोलिक एकत्र बसले की झाला गट. सदस्य व्हायला फी नाही, फॉर्म नाही. पिणं थांबवण्याची इच्छा, एवढी एकच अट. खर्चासाठी सदस्यांमध्ये थैली फिरते, तीत ज्याला जमेल तो टाकतो. बाहेरच्या कुणाची देणगी, कितीही मोठी असली तरी, घेतली जात नाही.

सोबत्याच्या या शोधाची भारतातली सुरुवातही तितकीच विलक्षण आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीत आलेल्या एका कॅनेडियन सदस्याला आपल्यासारखं कुणी भेटेना. त्याने वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात दिली. तिला मुंबईच्या एका माणसाने उत्तर धाडलं आणि १९५७ साली मुंबईत मीटिंग सुरू झाल्या. पुन्हा तेच: स्वतःला टिकवायचं म्हणून एक जण दुसऱ्याला शोधत निघाला.

आज हा शोध कसा घ्यायचा? मुंबईत मीटिंग भरतात त्या बहुतेक महापालिकेच्या शाळांत नाहीतर चर्चच्या सभागृहांत. गोव्यातही चर्चचाच आधार मोठा. एका खुल्या मीटिंगला मी गेलो होतो, ती शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे दुमडून बसली होती, फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच होता. तिथे कोण काय बोललं ते मी लिहिणार नाही. ऐकलेलं त्या खोलीतच ठेवायचं असतं. पण एक गोष्ट सांगायला हवी: एक जण बोलत असताना कुणी मध्ये पडलं नाही. सल्ला नाही, ‘अरे, तू असं करायला हवं होतंस’ नाही. बोलून झाल्यावर फक्त ‘थँक यू’, आणि पुढचा. आपल्याकडे, जिथे कुणाच्या घरातल्या दारूबद्दल सगळ्या वाडीला मत असतं, तिथे असं ऐकून घेणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

‘खुली’ मीटिंग म्हणजे जिथे घरचे, विद्यार्थी, नुसतं समजून घ्यायला आलेले कुणीही बसू शकतात. ‘बंद’ मीटिंग फक्त ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचंय त्यांच्यासाठी. पहिल्यांदा जाणाऱ्याने हा फरक आधी विचारून घ्यावा. एएच्या भारतातल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर गटांची माहिती मिळते. जवळचा गट मानसोपचारतज्ज्ञांना, सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागाला किंवा व्यसनमुक्ती केंद्रालाही माहीत असतो. पत्ता जुना असू शकतो, शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते, म्हणून निघण्याआधी एक फोन करावा. तो उचलणारा बहुधा स्वतःच कधीतरी असा फोन केलेला माणूस असतो. आणि पहिली मीटिंग रुचली नाही म्हणून सोडून देऊ नये. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा. कुठे प्रार्थनेवर भर, कुठे हास्यविनोद, कुठे सगळे इंग्रजी बोलणारे, कुठे गिरणगावची मराठी. तीन-चार ठिकाणी बसून पाहावं.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राची वाट थोडी वेगळी आहे. डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं. तिथे आधी राहून उपचार होतात, पण बाहेर पडल्यावर माणूस एकटा पडू नये म्हणून पाठपुराव्याच्या बैठका असतात. एके काळी रुग्ण म्हणून आलेले कितीतरी जण पुढे तिथेच समुपदेशक झाले. पिणाऱ्याच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. हे फार मोलाचं वाटतं मला, कारण दारू एक जण पितो आणि आजारी अख्खं घर पडतं. एएच्या बाजूनेही लोइसने १९५१ साली कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ उभी केली होती. घरचा माणूस मीटिंगला यायला तयार नसला तरी बायकोने, आईने, भावाने आपल्या मीटिंगला जावं. त्यासाठी त्याच्या होकाराची वाट पाहायची गरज नाही.

एक इशारा इथेच देतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात, एकट्याने, घरच्या घरी दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. दारूच्या सततच्या गुंगीशी जुळवून घेतलेला मेंदू ती अचानक काढून घेतली की बेफाम होतो. हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसू लागतात. त्यासाठी डॉक्टर आणि औषधं लागतात. मीटिंग त्यानंतर, किंवा त्यासोबत. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे आणि मन ढासळलं असेल तर १४४१६ वर, टेलि-मानसवर, मराठीत बोलता येतं.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का? २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. वर्षभरानंतर पूर्णपणे दारूमुक्त असलेल्यांचं प्रमाण, एएकडे वळवणाऱ्या उपचारात शंभरात सुमारे ४२ आणि वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांत सुमारे ३५. हा फरक नावाजलेल्या उपचारांशी तुलना करून निघालाय. आणि तो घडतो कसा, याचा माग काढणाऱ्या संशोधकांना एक मोठं कारण सापडलं ते म्हणजे माणसाचा गोतावळा बदलतो. संध्याकाळी सात वाजता कुणाबरोबर बसायचं, याचं उत्तर बदलतं. बाकी निम्म्याहून अधिकांना वर्षभर पूर्ण दूर राहणं जमत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. म्हणून घसरून परत आलेल्यालाही मीटिंगमध्ये पहिल्या दिवसासारखंच बसवून घेतात. एएतल्या ईश्वराच्या उल्लेखांनी कुणाचं मन अडत असेल, तर ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे वर्तनोपचारावर उभे असलेले गटही आहेत, आणि त्यांच्याही ऑनलाइन बैठका होतात.

ऑनलाइनचं म्हणाल तर लोकांना वाटतं हे सगळं लॉकडाउनमुळे आलं. वेग तेव्हा आला हे खरं. पण ज्यांच्या गावात दुसरा सदस्यच नाही असे एकांडे आणि महिनोन्‌महिने समुद्रावर असणारे खलाशी यांच्यासाठी एएमध्ये कित्येक दशकं पत्रांची मीटिंग चालत आलीय. प्रत्येकाने आपलं मनोगत लिहून धाडायचं, ते छापून सगळ्यांना पोचायचं. आता तेच पडद्यावर. जागतिक याद्यांमध्ये दिवसाच्या कुठल्याही तासाला चालू असलेली मीटिंग सापडते, भाषेनुसार शोधता येते, मराठीतूनही बसता येतं. जर्मनीत रात्र काढणारा सांगलीचा मुलगा असो की जिथून गट चाळीस किलोमीटरवर आहे अशा गावातली बाई, जिला दारूबद्दल चारचौघांत तोंड उघडायची सोय नाही. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात: वेळ कुठल्या देशाची दिलीय, आणि आत जाण्याआधी पडद्यावर आपलं आडनाव तर झळकत नाही ना. फोन ते परस्पर दाखवतो.

शाळेच्या त्या वर्गात मीटिंग संपल्यावर चहा आला. एक तरुण दाराशीच उभा होता, निघायच्या बेतात. एका काकांनी वहीचं पान फाडून त्यावर चार-पाच नावं लिहिली, नुसती पहिली नावं, पुढे फोन नंबर. ते त्याच्या खिशात कोंबत म्हणाले, “प्यायच्या आधी कर. रात्री दोनला केलास तरी चालेल. मी जागाच असतो.”