रान, शिवार आणि परमुलूख

मराठी माणसाला परदेश कळला तो प्रवासवर्णनांतून, असं आपल्याकडे धरूनच चालतात. दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी अंकात 'पुस्तकांतून जगप्रवास' अशा धाटणीचा लेख येतो आणि त्यात विमानतळ, संग्रहालयं, बर्फाचे डोंगर यांचीच वर्णी लागते. मला हे मत कधीच पटलं नाही. माझी नोकरी वेल्हे तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत झाली, राहणं राजगडाच्या पायथ्याला पालीत. इथल्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना मी जी पुस्तकं दिली, वाचून दाखवली, त्यांतली पुन्हा मागितली गेली ती फिरस्त्यांची नव्हती. परमुलखात राबणाऱ्या माणसांची होती. भात लावणारा, गुरं राखणारा माणूस दुसरा देश ओळखतो तो तिथल्या मातीवरून, पावसावरून, रानातल्या जनावरांवरून आणि भुकेवरून. हे ज्या पुस्तकात आहे ते त्याला आपलं वाटतं, मग गाव अमेरिकेतलं असो की जपानातलं.

प्रवासवर्णनांचं ऋण मात्र आधी मान्य केलं पाहिजे. पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' 1889 साली आलं आणि आजही त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. बाई तिथे काय पाहावं याची यादी घेऊन गेल्या नव्हत्या. तिथली राज्यपद्धती, शिक्षण, घरातली आणि घराबाहेरची बाई हे त्यांनी मुळातून समजून घेतलं आणि ते सारं मनात आपल्या समाजाला शेजारी ठेवून तोललं. त्यानंतर अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', गाडगीळांचं 'साता समुद्रापलीकडे', पु. लं.चं 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' ही वाट सर्वांच्या पायाखालची आहे. मीना प्रभूंनी तर 'दक्षिणरंग', 'मेक्सिकोपर्व', 'तुर्कनामा', 'चिनी माती', 'गाथा इराणी' असे एकामागून एक मुलूख मराठीत आणले. एकट्या बाईने पाठीवर सामान टाकून केलेली ही मुशाफिरी मोठीच. पुढे पुढे मात्र सहलीला जाऊन आलेला प्रत्येक जण पुस्तक काढू लागला, त्या ढिगाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

या प्रांतातली माझी आवडती पुस्तकं वेगळी. व्यंकटेश माडगूळकर ऑस्ट्रेलियाला गेले आणि 'पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे' घेऊन आले. माणदेशात मेंढरं आणि मेंढके पाहून वाढलेला लेखक तिथली कुरणं पाहतो तेव्हा त्याची नजर कळपावर, गवतावर, पाण्यावर जाते. 'बनगरवाडी' लिहिणारे डोळेच ते. आमच्याकडच्या गवळी धनगरांच्या वस्तीवरल्या एका वयस्क गृहस्थांना मी हे पुस्तक वाचून दाखवलं होतं. मधेमधे थांबवून ते कुंपणाबद्दल विचारत, चारा किती महिने पुरतो ते विचारत. हे प्रश्न एखाद्या राजवाड्याच्या वर्णनावर कुणी विचारलेले मी ऐकले नाहीत. अनिल अवचटांचं 'अमेरिका' आणि मिलिंद बोकीलांचं 'समुद्रापारचे समाज' ही दोन पुस्तकंही याच रांगेत बसवीन. दोघेही माणसांच्या जगण्याची रीत शोधत फिरले आहेत.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. मराठीतलं परदेशाबद्दलचं सर्वांत थोर पुस्तक कोणतं, असं कुणी विचारलं तर मी 'पाडस' हे उत्तर देतो. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची 'द यर्लिंग' ही कादंबरी 1938 सालची, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली. 'सत्यकथे'चे संपादक म्हणून दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर जीव टाकणाऱ्या या माणसाने स्वतःच्या नावावर फार थोडं ठेवलं, पण हे एकच पुस्तक पुरेसं आहे. फ्लोरिडातल्या झुडपी रानात बॅक्स्टर कुटुंबाची एकाकी वाडी. बाप पेनी, आई, आणि वाचलेला एकुलता एक मुलगा ज्योडी. बापाला साप डसतो. विष ओढून घ्यायला तो समोर आलेली हरिणी मारतो आणि तिचं काळीज जखमेवर लावतो. तिचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो, स्वतःच्या वाटणीचं दूध पाजून वाढवतो. पाडस मोठं होतं आणि उगवलेला मका खाऊन टाकतं. पुन्हा पेरलेला मकाही खातं. कुंपण उंच केलं तरी ते उडी मारून आत येतं. वर्षाचं धान्य त्या शेतात आहे. पुढे जे होतं ते ज्यांनी वाचलं आहे त्यांना सांगायला नको, ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी ते इथे फोडणार नाही.

शहरातले वाचक या शेवटाशी रडतात आणि बापाला कठोर म्हणतात. आमच्या वर्गात असं झालं नाही. इथे भात पोटरीवर आलं की रानडुकरं रात्रीत खाचर लोळवून जातात, माळ्यावर बसून रात्र रात्र राखण करावी लागते. मुलं रडली, पण बापाच्या बाजूनेही बोलली. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, त्यांच्याकडं दुसरं खायला काय होतं?" फ्लोरिडा नकाशात कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्या घरातली कणगी तिला दिसली होती. परदेश समजणं ते हेच, असं मी मानतो. मागे एका पुस्तक निवड समितीवर मी होतो. तिथे एका विद्वानांनी 'खेड्यातल्या मुलांना परकीय कादंबऱ्या कशाला, त्यांना काय कळणार' असा मुद्दा मांडला होता. त्यांना मी या मुलीची गोष्ट सांगितली. त्यांचं मत बदललं नाही, माझंही बदललं नाही.

'पाडस'च्या बरोबरीने ठेवायची ती जी. ए. कुलकर्णींची कॉनराड रिश्टरची भाषांतरं. 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. जी. एं.वर लिहिणारे त्यांच्या कथांतल्या नियतीपाशी इतके रेंगाळतात की या तीन कादंबऱ्यांकडे जायला त्यांना वेळच उरत नाही. काहींनी तर ही कामं पोटापाण्याची म्हणून बाजूला सारली आहेत. हा मला अन्याय वाटतो. मूळ कादंबऱ्या 1940, 1946 आणि 1950 सालच्या, शेवटचीला पुलित्झर मिळालेलं. ओहायोच्या घनदाट अरण्यात एक शिकारी आपलं कुटुंब घेऊन येतो. झाडी अशी की दिवसा ऊन जमिनीवर पोचत नाही. आई त्या अंधारातच झिजून मरते, धाकटी बहीण रानात हरवते आणि थोरली मुलगी सेअर्ड सगळ्या भावंडांची आई होते. तिला झाडांचा राग आहे. ती झाडं पाडते, खोडं जाळते, राखेत मका पेरते. पुढच्या भागात शिवार उघडं होतं, चर्च येतं, शाळा येते. तिसऱ्यात गाव शहर होऊ लागतं. आणि म्हातारी झालेली सेअर्ड आपल्या नव्या घराभोवती पुन्हा झाडं लावते.

आमच्या भागात राब भाजल्याशिवाय भाताची रोपं होत नव्हती. कवळं तोडायची, पसरायची, पेटवायची, त्या राखेवर बी टाकायचं. मावळातल्या माणसाला सेअर्डची कुऱ्हाड आणि तिची राख समजावून द्यावी लागत नाही. रान हटवून जगणं उभं करायचं आणि जगणं उभं राहिलं की रानासाठी झुरायचं, हे इथल्या दोन पिढ्यांनी पाहिलं आहे. धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांनी तर शिवारही गमावलं. 'गाव' वाचताना मला सारखं भाटघर आठवतं, गुंजवणी आठवते. जी. एं.नी ही भाषांतरं धारवाडात बसून केली. ती वाचताना कुठेही इंग्रजी वाक्य मराठीत उभं केल्यासारखं वाटत नाही. रिश्टरचं 'रानातील प्रकाश'ही त्यांनीच मराठीत आणलं. डेलावेअर इंडियनांमध्ये वाढलेला गोरा मुलगा 1764 च्या सुमारास तहामुळे जबरदस्तीने जन्मदात्यांकडे परत पाठवला जातो आणि दोन्ही घरांना मुकतो. पुस्तक लहान आहे, आठवीच्या मुलाला एका सुट्टीत संपवता येतं. तेवढ्यासाठी तरी ते प्रत्येक शाळेत असावं.

तिसरं नाव वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'चं. 1981 साली आलेलं हे चरित्र महाराष्ट्रभर पोचलं आहे, त्याच्याबद्दल नव्याने काय सांगायचं असं कुणाला वाटेल. पण बहुतेक जण ते जिद्दीची कहाणी म्हणून वाचतात. मी ते मातीचं पुस्तक म्हणून वाचून दाखवतो. गुलामीत जन्मलेला हा मुलगा शिकून 1896 साली अलाबामातल्या टस्कीगीला जातो. कापूस घेऊन घेऊन तिथली जमीन थकलेली आहे. तो शेतकऱ्यांना भुईमूग आणि रताळी लावायला सांगतो, जमिनीला विसावा द्यायला शिकवतो, घोडागाडीत शाळा घालून बांधाबांधावर नेतो. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. त्या मुक्तीनंतर तिथल्या शेतावर काय घडलं हे मराठी घराघरांत पोचवलं ते गवाणकरबाईंनी. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याची ओळख करून दिली, तेही याच्या जोडीला वाचावं.

पु. लं.चं 'एका कोळियाने' हे भाषांतर मला त्यांच्या सगळ्या प्रवासवर्णनांहून प्रिय आहे. क्युबाचा म्हातारा कोळी, चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, आणि मग तो एकट्याचा झगडा. दुर्गाबाईंनी थोरोचं वॉल्डन आणलं, शांताबाईंनी 'चौघीजणी' आणली. मोठे लेखक आपला वेळ दुसऱ्याच्या पुस्तकाला देत, तो काळच तसा होता. शीतयुद्धात अमेरिका आणि रशिया दोघांनीही आपापली पुस्तकं भारतीय भाषांत स्वस्तात पोचवली, त्यामागचे हेतू काय होते ते सर्वांना माहीत आहे. म्हणून ती सगळी प्रचारकी ठरवून मोकळं होणारे लोक मला भेटतात. मॉस्कोत बसून अनिल हवालदारांनी केलेली 'देनिसच्या गोष्टी' उघडून त्यांनी वर्गात एक गोष्ट वाचून पाहावी. मुलं हसतात की नाही एवढंच पाहावं. 1991 नंतर तो ओघ आटला आणि गावातल्या मुलांना परवडणारं रंगीत चित्रांचं पुस्तक त्याबरोबर गेलं. 'तोत्तोचान' मात्र चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठीत टिकून आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी कोबायाशींची शाळा युद्धात बॉम्बने जळाली. शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पुस्तक आधी देतो.

मूळ मराठीत परदेश घेऊन आलेलं ललित लेखन थोडं, पण जे आहे ते कसदार आहे. बेडेकरांचं 'रणांगण' 1939 चं. त्यात देश नाहीच, बोट आहे, आणि जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू आहेत. युद्ध पेटलं त्याच वर्षी मराठीत हे लिहिलं गेलं, याचा अभिमान वाटतो. गौरी देशपांडे यांचं 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' जपानात घडतं. याच बाईंनी बर्टनचे अरेबियन नाइट्स सोळा खंडांत मराठीत उतरवले, त्या कामाची पुरेशी कदर झाली नाही. विलास सारंग बसऱ्यात शिकवत होते, तिथून 'एन्कीच्या राज्यात' आली. इराकबद्दल आपण पुढे युद्धाच्या बातम्यांतून जे ऐकलं, त्याआधीचा तिथला दमट, संशयाने भरलेला काळ या कादंबरीत आहे. प्रतिभा रानड्यांची 'अफगाण डायरी'ही तशीच, तिथे राहिलेल्या माणसाने लिहिलेली.

युद्धं आणि हुकूमशहा यांच्यावर कानिटकर आणि वाळिंबे यांनी लिहिलेले ग्रंथ सगळ्या वाचनालयांत आहेत. रवींद्र गुर्जरांचे 'पॅपिलॉन' आणि 'सत्तर दिवस'ही आहेत, तरुण मुलांना वाचनाची गोडी लावायला ते अजून उपयोगी पडतात.

सगळ्यांत मोठी उणीव आफ्रिकेची. चिपळूणकर पितापुत्रांनी 'रासेलस' मराठीत आणला, त्यातला अ‍ॅबिसिनिया हा डॉ. जॉन्सनने इंग्लंडात बसून कल्पिलेला. दीडशे वर्षं झाली, तरी आफ्रिकन लेखकाने स्वतः लिहिलेलं गाव मराठी खेड्यात पोचलेलं नाही. चिनुआ अचेबेची 1958 सालची कादंबरी इग्बो शेतकऱ्यांची आहे. कणग्या, कंद, पावसाची वाट, देवदेवस्की, आणि मग आलेले मिशनरी. वेल्ह्यातल्या कुठल्याही वाचकाला ती एका बैठकीत कळेल. नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश हे तर शेजारी, पण त्यांच्याकडची पुस्तकं मी वर्षानुवर्षं शोधतो आणि हात रिकामा राहतो.

हल्ली भाषांतरं कमी होतात असं नाही, उलट पूर येतो. परदेशात गाजलेलं पुस्तक वर्षाच्या आत मराठीत येतं. अनुवादकाला मुदत तुटपुंजी, मोबदला त्याहून तुटपुंजा, आणि संपादक कुठेच नाही. वाक्यं मराठी अक्षरांत छापलेली असतात, पण ती कुणी बोलत नाही. ग्रामीण वाचनालयं अनुदानाच्या वर्गवारीत अडकलेली, खरेदी होते ती सवलतीवर. जाडजूड चरित्रं आणि यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं कपाटात येतात, 'रान' आणि 'शिवार' मागितलं तर मिळत नाही. पटवर्धन आणि जी. ए. यांनी जो वेळ एकेका पुस्तकाला दिला, तो द्यायला आज कुणी तयार असेल तर त्याला आधार द्यायची आपली तयारी नाही.

म्हणून प्रकाशकांना सांगणं आहे की रिश्टरच्या तिन्ही कादंबऱ्या एका खंडात, साध्या कागदावर, शाळेला परवडतील अशा किमतीत काढाव्यात. आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, पावसाळा संपला की तुम्ही पालीच्या पायऱ्यांनी राजगड चढायला येता. येताना जुन्या गाइडांचे आणि मासिकांचे गठ्ठे शाळेत टाकून जाऊ नका. 'पाडस'ची एक प्रत आणा, आणि गडावर जाण्याआधी तासभर वर्गात बसून तिचं पहिलं प्रकरण मुलांना वाचून दाखवा.