जामिनावर सुटलेला जंतू

चंदीगडचा बुडैल तुरुंग देशभर गाजला तो जानेवारी 2004मध्ये. पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांच्या हत्येतले आरोपी तिथून चक्क भुयार खणून पसार झाले होते. क्षयाच्या जंतूला एवढी खटपट करावी लागत नाही. जामीन मिळालेल्या कैद्याच्या फुफ्फुसात बसून, नाहीतर ड्यूटी संपवून घरी निघालेल्या शिपायाबरोबर, तो राजरोस फाटकातून बाहेर पडतो. आपल्या तुरुंगांत चारांतले तिघे कच्चे कैदी, त्यामुळे ये-जा अखंड चालू. आणि जगभरात कैद्यांमधलं क्षयाचं प्रमाण बाहेरच्यांच्या सुमारे दहापट!

चंदीगडला खेटून असलेल्या पंचकुल्यात 7 डिसेंबर 2024 रोजी केंद्राची शंभर दिवसांची क्षयमोहीम सुरू झाली. कौतुक झालं ते हातात मावणाऱ्या एक्स-रे यंत्राचं आणि फोटो वाचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं. यंत्र कामाचं आहे, खोकला नसलेला रुग्णही त्यात सापडतो. पण रुग्ण कैदी असेल, तर सापडेपर्यंत तो ज्या बराकीत रात्रभर कोंडलेला असतो, तिथल्या हवेचं काय?

त्या हवेवरचा खटला अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात चालला. साक्षीदार होते गिनीपिग. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या संशोधकांनी सहा खाटांच्या क्षय वॉर्डातली हवा नळांतून वरच्या मजल्यावरच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्णांशी काडीचाही संबंध न येता प्राण्यांना लागण होत राहिली. दुसऱ्या टप्प्यात त्याच हवेचा एक वाटा अतिनील दिव्यांखालून नेला, त्या पिंजऱ्यांतले सगळे बचावले. आणखी एक गोष्ट दिसली. औषधं चालू असलेले रुग्ण फारच कमी जंतू पसरवत होते. म्हणजे निदान आणि पहिली गोळी यांच्यात गेलेला प्रत्येक दिवस बराकीला महागात पडतो.

हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या गणिताला आज वेल्स-रायली सूत्र म्हणतात. त्यातले वेल्स म्हणजे विल्यम. फिलाडेल्फियाच्या शाळांत अतिनील दिवे लावून गोवराची साथ रोखण्याच्या कामात बरोबरीने राबलेल्या त्यांच्या पत्नी, डॉक्टर मिल्ड्रेड वेल्स, कुणाच्या फारशा लक्षात नाहीत. मला हे खटकतं.

पेरूतल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांची पाहणी 2007मध्ये प्रसिद्ध झाली. 1950पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हवा तासाला सुमारे 40 वेळा बदलत होती, नव्या इमारतींत 17 वेळा. खिडकीला वीज लागत नाही, कंत्राट लागत नाही. बहुधा म्हणूनच तिचं उद्घाटन होत नाही. अर्थात चंदीगडच्या जानेवारीत रात्री खिडक्या उघड्या ठेवा, असं एकाच कांबळ्यावर झोपणाऱ्याला कोण सांगणार? तिथे डोक्याच्या वर, छताच्या बाजूला रोखलेले अतिनील दिवे आणि वरची-खालची हवा ढवळणारा साधा पंखा हवा. मिल्ड्रेडबाईंनी वर्गात लावले होते, तसेच.