सायकलची सहल आणि घरची काळजी

मुलांनी सायकलवरून गावाबाहेर हिंडून येण्याची परवानगी मागितली, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'जाऊ द्या'. दुसरा म्हणतो, 'काही झाले तर?' आमच्या मते हा प्रश्न धैर्याचा नसून योजनेचा आहे.

वाईचे उदाहरण घेऊ. तेथून मेणवली अवघी ३ किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेवरील घाट आणि १७३९ साली वसई जिंकल्यानंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा पाहून पुढे धोमच्या नरसिंहमंदिरापर्यंत जाता येते. आरंभास ही वाट उत्तम.

निघण्यापूर्वी चाकांतील हवा, ब्रेक व साखळी तपासावी. पंप, पंक्चरचे साहित्य व भरपूर पाणी जवळ असावे. हेल्मेट प्रत्येकास हवेच. रस्त्याच्या डाव्या बाजूने एकामागून एक जावे. वेग सर्वांत मंद गड्याच्या बेताने ठेवावा आणि अनुभवी माणसाने सर्वांच्या मागे राहावे. घाटाच्या ओल्या पायऱ्या निसरड्या असतात; धरणातून पाणी सोडले म्हणजे नदी अकस्मात चढते. सबब पात्रात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

मुख्य नियम एकच : परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वी ठरवून घरी सांगावी, आणि ती होताच, धोम दृष्टीच्या टप्प्यात असले तरी, सायकली वळवाव्यात. देऊळ तेथेच राहणार आहे. हा नियम पाळणाऱ्या मुलास पुढील खेपेस वडीलधाऱ्यांनी अधिक लांबची वाट निःशंकपणे मोकळी करून द्यावी.