नाव वगळून केलेला सन्मान

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळाने २०२४ साली एक कायदा केला. गुलामीत जन्मलेल्या रॉबर्ट स्मॉल्स यांचा पुतळा विधानभवनाच्या आवारात उभारण्यासाठी समिती नेमणारा हा कायदा. त्या आवारात एका कृष्णवर्णीय माणसाचा, त्याच्या नावानिशी पुतळा उभारण्याचे ठरले ते प्रथमच. बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. डुबॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतील या बांधवांच्या लढ्याशी आपले नाते सांगितले होते. म्हणून आंबेडकरी चळवळीने या घटनेची नोंद घेतली पाहिजे.

साउथ कॅरोलिना हे राज्य भाताच्या पैशावर मोठे झाले. ही भातशेती उभी केली कोणी? पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी! बांध घालणे, खाचरात पाणी घेणे व सोडणे, भात कांडणे ही विद्या त्यांच्याकडे होती. मळेवाले गब्बर झाले, चार्ल्स्टन शहरात त्यांचे वाडे उभे राहिले. पिकवणारा मात्र गुरांसारखा बाजारात विकला गेला.

अशाच गुलामांपैकी एक रॉबर्ट स्मॉल्स. १३ मे १८६२ च्या पहाटे त्यांनी गुलामीच्या बाजूने लढणाऱ्या सैन्याची 'प्लँटर' ही आगबोट चार्ल्स्टन बंदरातून काढली. बोटीवर त्यांचे कुटुंब व इतर गुलाम होते. किल्ल्यांना द्यायच्या खुणा त्यांना पाठ होत्या. त्या देत त्यांनी बोट तोफांच्या माऱ्यातून पार नेली आणि उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पुढे ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले.

परंतु आम्हांला त्याहून मोठे वाटते ते १८६८ चे काम. त्या वर्षी या राज्याची नवी घटना लिहिली गेली. घटनासमितीत कृष्णवर्णीय प्रतिनिधींचे बहुमत होते व स्मॉल्स त्यांपैकी एक होते. ज्यांना अक्षर शिकणे गुन्हा ठरवले होते, त्यांनी सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळांची तरतूद केली. गोऱ्यांच्या मुलांसाठीसुद्धा! आणि १८९५ साली गोऱ्यांनी घटना पुन्हा लिहिली, ती वाचनाच्या व मालमत्तेच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्यासाठी. त्या कटाचा म्होरक्या बेन टिलमन. त्याचा पुतळा १९४० पासून विधानभवनासमोर उभा आहे.

२००१ साली त्याच आवारात आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे स्मारक झाले. गुलामांच्या जहाजापासून पुढचा इतिहास त्यावरील शिल्पांत कोरला आहे. मात्र ते होऊ देताना विधिमंडळाने अट घातली होती की, प्रत्यक्षात होऊन गेलेली एकही व्यक्ती त्यात दाखवायची नाही. म्हणजे टिलमनला नाव, आणि स्मॉल्स व त्यांच्या सहकाऱ्यांना बिनचेहऱ्याचा घोळका! गुलामीच्या समर्थकांचा झेंडा २००० साली घुमटावरून उतरला, पण तो आवारातच दर्शनी जागी लावला गेला. तो हटायला २०१५ उजाडले. त्यासाठी चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ जणांचे प्राण जावे लागले.

नावाची एवढी भीती का? आम्ही वकिली करतो. दस्तऐवजात नाव नसेल तर हक्क शाबीत करताना काय यातायात होते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येक कुळाला ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली, पण सातबाऱ्यावर नाव नाही! इतिहासाचेही तसेच आहे. 'तुमच्या समाजाचे योगदान मोठे आहे' असे म्हणायला काही खर्च येत नाही. अमक्या माणसाने अमक्या साली अमुक हक्क मिळवला असे लिहिले, की तो कोणी हिसकावला हेही लिहावे लागते.

याच राज्याच्या क्लॅरेंडन परगण्यातील पालकांनी आधी शाळेसाठी बस मागितली. ती नाकारली गेली. १९४९ साली त्यांनी समान शाळांच्या अर्जावर सह्या केल्या. सही करणारे हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर कामाला होते. त्यांची नोकरी गेली, पत्नी एलायझा यांचीही गेली. तरी त्यांनी नाव मागे घेतले नाही. 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट' हा त्यांचा खटला थर्गुड मार्शल यांनी चालवला. १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्यात हा खटला होता.

आपल्याला हे नवे नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्तार म्हणून. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारखे भीमसैनिक शहीद झाले. 'नावात काय आहे?' असे तेव्हा आपल्याला विचारणारे स्वतःची नावे मात्र चौकाचौकांत लावत होते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. महाडच्या चवदार तळ्यावर, काळाराम मंदिराच्या दाराशी, नामांतराच्या मोर्चात आपल्या गावातून कोण गेले होते, त्यांची नावे गोळा करा. वय, गाव, तुरुंगवास, सारे लिहून काढा. विहारात त्याचा फलक लावा, ग्रंथालयात वही ठेवा, मुलांकडून वाचून घ्या. सरकारी स्मारकाची मागणी जरूर करू. पण त्यावर कोणाची नावे हवीत, याची यादी आपल्या हातात तयार असली पाहिजे. ती नसेल, तर आपल्यालाही बिनचेहऱ्याचे स्मारकच मिळेल.