खोक्यातली एक्स्प्रेस

महिनाअखेर आहे आणि इंपोर्टेड मॉडेल किटची किंमत बघून घाम फुटलाय? डोन्ट वरी! पुण्यात भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम (१९९८) बघितल्यापासून मलाही गाडी हवी होती, बजेट मात्र शून्य. मग सुट्टीत गावी, म्हसावदला, बुटांचा खोकाच फोडला.

गणित सोपं. एचओ स्केल म्हणजे १:८७. आपला आयसीएफचा निळा डबा साधारण २१.३ मीटर, भागिले ८७, म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटर. पट्टी, कटर, फेविकॉल, खिडक्यांना मिठाईच्या बॉक्सचं प्लास्टिक. पुठ्ठा वाकतोय? आतून आइस्क्रीमच्या काड्या चिकटवा.

माझ्या फ्रीलान्सिंगवर नाराज असलेले बाबा दुसऱ्या दिवशी चष्मा लावून खिडक्या कापायला बसले. महिन्यांनी गप्पा झाल्या. खर्च? फक्त फेविकॉलचा! तुमच्या माळ्यावरही एखादा खोका असेलच की.